वज्री, अडकित्ते आणि काकासाहेब

लोणारच्या आमच्या नाणी-तिकिटं जमवणाऱ्या मंडळात यंदा अध्यक्षपदासाठी मी उभी आहे. बायकांना त्यातलं काय कळतं, असं विचारणाऱ्यांना मी पुण्याच्या काकासाहेब केळकरांबद्दल सांगते. १८९६चा जन्म. चष्म्याचं दुकान सांभाळायचे, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करायचे. १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला लागले. कसल्या म्हणाल? दिवे, अडकित्ते, फण्या, वज्री, स्वयंपाकाची भांडी. म्हणजे बायकांच्याच हातातल्या की! पत्नी कमलाबाईही या शोधात सोबत होत्या. (घरातला पसारा मात्र त्या माउलीनं किती सोसला असेल!) मुलगा राजा लहानपणीच गेला. वीस हजारांच्या घरात गेलेल्या त्या संग्रहाला दोघांनी त्याचं नाव दिलं, आणि एक पैही न घेता तो सरकारच्या हवाली केला.