सर्पगंधेची मुळी आणि डॉ. रुस्तम वकील

हृदयरोगाचा विषय निघाला की हल्ली आपल्या तोंडी पेसमेकर, अँजिओप्लास्टी अशी नावे येतात. माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला तो १९५८ साली, स्वीडनमध्ये. त्याच सुमारास आपल्या मुंबईच्या एका डॉक्टरांचे नाव जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांना माहीत झाले होते, आणि तेही एका मुळीमुळे.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. लंडनला वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते परतले व के. ई. एम. रुग्णालयात काम करू लागले. इथवरचा प्रवास कोणाही हुशार विद्यार्थ्याचा असावा तसाच आहे.

त्या काळी रक्तदाब वाढलेल्या रोग्याला देण्यासारखे डॉक्टरांजवळ फार थोडे होते. मीठ बंद, विश्रांती, झोपेचे औषध. फारच झाले तर मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. एवढ्या मोठ्या माणसाचा दाब कोणाला आवरता आला नाही, मग आपल्या वाडीवस्तीची काय कथा! दौंड तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर जुनी माणसे अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ असेच म्हणतात. माझ्या पणजीचे तसेच झाले. बाहेरचे काही असेल म्हणून उतारे झाले, अंगारे झाले; दाब मोजणारे कोणी नव्हते. ते वारे कुठून येते, हे मला कॉलेजच्या ग्रंथालयात बसल्यावर कळले.

सर्पगंधा आपल्याकडे फार जुनी. बिहारात वेड्यांना शांत करण्यासाठी तिची मुळी देत. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या दोघा वैद्यक-संशोधकांनी तिच्याने रक्तदाब उतरतो असे लिहिलेही होते. पण परदेशात त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. वकिलांनी ही मुळी आपल्या रोग्यांना देऊन पाहिली, दाब मोजून नोंदी ठेवल्या आणि ५० रोग्यांचा अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. बहुतेकांचा दाब हळूहळू उतरला होता. तो लेख वाचून अमेरिकेत बोस्टनला डॉ. विल्किन्स यांनी औषध वापरले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसरपीन वेगळे काढले.

आयुर्वेदाचा अभिमान सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत, त्याला हसणारेही आहेत. वकिलांनी मुळीला नमस्कारही केला नाही आणि तिची टिंगलही केली नाही, आकडे मांडले. मला त्यांचा मोठेपणा इथे वाटतो. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ साली पद्मभूषण. १९७४ साली ते वारले.

रेसरपीन जास्त प्रमाणात दिले की काही रोगी उदास होत. पुढे अधिक चांगली औषधे आली आणि ते मागे पडले. आता रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातही मिळतात, तिशी ओलांडलेल्यांचा दाब तपासला जातो. आमच्या वस्तीवर आशाताई त्यासाठी घरोघरी सांगत फिरतात. जाणारे मात्र अजून मोजकेच आहेत, आणि त्यांतही बाप्ये कमी.