एकनाथांची पोथी

गोदावरीच्या खोऱ्यातील आपल्या तीर्थपुरीस फाल्गुन महिना आला की पैठणच्या नाथषष्ठीची गोष्ट निघतेच. ज्या एकनाथांसाठी दिंड्या तिकडे लोटतात, त्यांचे चरित्र आम्ही बालवाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

एकनाथांचा जन्म १५३३ च्या सुमारास पैठणास झाला. आईबाप लवकर निवर्तल्याने आजोबांनी त्यांचा सांभाळ केला. पुढे देवगिरीस जनार्दनस्वामींजवळ त्यांचे अध्ययन झाले. पैठण हे त्या काळी शास्त्रीपंडितांचे माहेरघर होते. तेथे वेद स्त्रीशूद्रांच्या कानी पडू नये असा दंडक, आणि भागवताचा अर्थही संस्कृताच्या कुलपात. नाथांनी त्याच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहावयास घेतली. काशीच्या पंडितांनी प्रथम विरोध केला असे सांगतात. तथापि १५७३ मध्ये ग्रंथ काशीसच पुरा झाला. त्यात १८,००० हून अधिक ओव्या आहेत.

भक्तिहीन उच्चवर्णीयापेक्षा भक्त अंत्यज थोर, हा त्या ग्रंथातील अर्थ नाथांनी पोथीत बांधून ठेविला नाही. श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्यांनी दारावरून जाणाऱ्या भुकेल्या अस्पृश्यांस वाढले, आणि नदीच्या तापल्या वाळूत पोळणारे अंत्यजाचे मूल कडेवर घेऊन घरी पोचविले, अशा कथा संतचरित्रांत आहेत. त्यांतील चमत्कार आम्ही सोडून देतो. निमंत्रित ब्राह्मण रुसून गेले, एवढा भाग चमत्काराशिवायही समजतो. भारुडांत तर नाथ महाराच्या तोंडून जोहार घालून श्रोत्यांस विवेक सांगतात.

सर्वांत कठीण विरोध मात्र घरातून आला. पुत्र हरिपंडित मोठा विद्वान. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे व कोणाच्याही घरी जेवावे हे त्यास रुचेना. तो काशीस निघून गेला. नाथ त्यास आणावयास गेले, तेव्हा त्याने दोन अटी घातल्या: मराठी पुराण बंद, परान्न बंद. वृद्ध पित्याने दोन्ही मान्य केल्या. पुत्रप्रेमापुढे नाथ येथे चुकले, असे म्हणण्यास आम्ही कचरत नाही. जी पोथी त्यांनी गरिबांसाठी उघडली होती, ती त्यांच्याच घरी मिटली. हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागला आणि ओसरी ओस पडू लागली. ज्यांस त्यातील एक अक्षर कळत नव्हते, त्यांनी बसावे तरी कशास?

पुढे हरिपंडिताचे मन पालटले, व त्यानेच वडिलांस पुन्हा मराठीत सांगावयाची विनंती केली. श्रोते परतले. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस गोदावरीच्या पात्रात नाथांनी देह ठेविला.