विश्लेषण : चार वेळा जिंकूनही खासदारकी का अडली? कोण होते चार्ल्स ब्रॅडलॉ?

कारकुनाचा मुलगा, माजी सैनिक, उघड नास्तिक. इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनमधून ब्रॅडलॉ १८६८ मध्ये एकदा, १८७४ मध्ये दोनदा हरले. १८८० मध्ये जिंकले, तर देवाच्या नावाची शपथ आड आली. साधी प्रतिज्ञा करतो म्हणाले, नकार. मग शपथच घेतो म्हणाले, तर नास्तिकाची शपथ कशी चालेल? हट्ट धरल्यावर एक रात्र संसदेच्या घड्याळ-मनोऱ्यात कैद. पुढे प्रतिज्ञेवर काही महिने बसू दिले, पण न्यायालयाने ती अवैध ठरवली. मतदार मात्र हटले नाहीत : १८८१, १८८२, १८८४, १८८५, दरवेळी ब्रॅडलॉच! अखेर १८८६ मध्ये अध्यक्षांनी आक्षेप ऐकूनच घेतला नाही. दोन वर्षांनी प्रतिज्ञेला मुभा देणारा कायदा ब्रॅडलॉ यांनीच मंजूर करून घेतला. १८८९ मध्ये ते काँग्रेस अधिवेशनासाठी मुंबईत आले. १८९१ मध्ये त्यांच्या अंत्यविधीला लंडनमध्ये शिकणारे तरुण गांधीजी हजर होते.