गरम सूप आणि सत्तरीचा तरुण

थंडीत मेसमधली आमटी ताटात पडेपर्यंत गार होते आणि मग घरची आठवण कशी येते, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. अशाच एका रात्री मी इटलीतल्या हिवाळी पदार्थांबद्दल वाचत बसलो होतो. इटालियन म्हणजे पिझ्झा, एवढंच माझं ज्ञान! पण वाचता वाचता एका माणसाशी गाठ पडली आणि मी त्याच्यातच गुंतलो. त्याचं नाव पेलेग्रिनो आर्तुझी.

आर्तुझींचा जन्म ४ ऑगस्ट १८२० रोजी रोमान्या भागातल्या फोर्लिम्पोपोली गावी झाला. वडिलांचं किराणा दुकान, घर खाऊनपिऊन सुखी. पण २५ जानेवारी १८५१ च्या रात्री सगळं उलटंपालटं झालं. स्तेफानो पेलोनी नावाच्या दरोडेखोराच्या टोळीने गावात शिरून नाटकगृहच ताब्यात घेतलं, प्रेक्षकांना ओलीस धरलं आणि श्रीमंतांची घरं लुटली. त्यात आर्तुझींचंही घर होतं. त्यांच्या बहिणीवर, जेर्त्रूदेवर, अत्याचार झाला. त्या धक्क्यातून ती सावरलीच नाही. पुढे तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. कुटुंबाने गाव सोडलं आणि फ्लॉरेन्स गाठलं.

तिथे आर्तुझींनी रेशमाच्या व्यापारात चांगला पैसा कमावला. लग्न मात्र केलं नाही. पन्नाशीत धंदा बंद केला आणि लिहायला बसले. दोन कवी-लेखकांवर पुस्तकं लिहिली, स्वतःच्या खर्चाने छापली. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग त्यांनी आपल्याला खरोखर कळत होतं त्या विषयाला हात घातला, तो म्हणजे जेवण. घरात दोन मदतनीस होते, गावाकडचा आचारी फ्रांचेस्को आणि मारिएत्ता. आर्तुझी पाककृती मिळवायचे, हे दोघं करायचे, मग चव घ्यायची, चुकलं तर पुन्हा करायचं. आपल्या लॅबमध्ये याहून वेगळं काय चालतं? (आपण रीडिंग मित्राच्या जर्नलमधून उतरवतो, तेवढाच फरक!)

१८९१ साली पुस्तक तयार झालं, ४७५ पाककृतींचं. एका विद्वान स्नेह्याने सांगून टाकलं की हे काही चालणार नाही. प्रकाशकही मिळेना. शेवटी एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी पदरमोड करून हजार प्रती छापल्या. गावच्या जत्रेतल्या सोडतीसाठी दोन प्रती पाठवल्या, तर ज्यांना त्या लागल्या त्यांनी तंबाखूवाल्याला विकून टाकल्या. आता बोला!

पण म्हातारा खचला नाही. लोक विकत घेऊ लागले, पत्रं पाठवू लागले, नव्या पाककृती कळवू लागले. प्रत्येक आवृत्तीत भर पडत गेली आणि शेवटी पाककृती झाल्या ७९०. इटली देश म्हणून एक झाला तो १८६१ मध्ये, पण बोली आणि ताटं प्रांतागणिक वेगळीच होती. ती या पुस्तकात शेजारी शेजारी बसली.

त्यातला मिनेस्त्रोनेचा किस्सा तर आपल्या कामाचा आहे. मिनेस्त्रोने म्हणजे भाज्यांचं दाट सूप. १८५५ साली लिव्होर्नो शहरात रात्री ते खाऊन आर्तुझी झोपले आणि पोटात भयंकर कळा सुरू झाल्या. सगळा दोष त्यांनी सुपाला दिला. फ्लॉरेन्सला परतल्यावर कळलं की लिव्होर्नोत कॉलरा सुरू झाला होता आणि त्यांचा घरमालकच त्यात दगावला होता. आधी काय खाल्लं यावरून कारण ठरवू नये, हा धडा त्यांनी चक्क पाककृतीबरोबर छापला.

सुट्टीत घरी करून बघण्यासारखं एक सूप सांगतो. टस्कनीतल्या शेतकऱ्यांचं आहे. त्यांच्या मापाने ३०० ग्रॅम पांढऱ्या सुक्या घेवड्याचे, म्हणजे पांढऱ्या राजम्यासारखे दाणे, ४०० ग्रॅम शिळा पाव आणि दोन लिटर पाणी. दाणे मऊ शिजवून त्यातले थोडे घोटून घ्यायचे. ऑलिव्ह तेलात कांदा-लसूण परतून कोबी, पालेभाजी आणि एक बटाटा टाकायचा, मग दाणे आणि त्यांचं पाणी. भाज्या शिजल्या की पावाच्या कापांवर ओतायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम केलं तर जास्तच छान लागतं. मूळ कृतीत डुकराच्या मांसाची साल असते, शाकाहाऱ्यांनी ती वगळावी.

पण मला सगळ्यात भिडली ती काप्पेल्लेत्तीची पाककृती. टोपीच्या आकाराच्या, चीज आणि मांसाचं सारण भरलेल्या या छोट्या करंज्या कोंबड्याच्या रश्शात उकळतात. रोमान्यात नाताळला एकटा माणूस शंभर खाल्ल्याची बढाई मारतो. ज्या गावाने इतकं मोठं दुःख दिलं, त्याच गावची ही चव आर्तुझींनी पुस्तकात अगदी सुरुवातीलाच दिली.

३० मार्च १९११ रोजी, नव्वदीत, ते गेले. पुस्तकाचे हक्क मारिएत्ता आणि फ्रांचेस्कोला दिले. संपत्तीचा मोठा भाग कुणाला? फोर्लिम्पोपोलीला! ज्या गावात त्यांचं पुस्तक तंबाखूवाल्याकडे गेलं, तिथेच २००७ साली त्यांच्या नावाने पाककलेचं केंद्र उभं राहिलं.

मित्रांनो, आपल्याला एक बॅकलॉग राहिला की आयुष्य संपल्यासारखं वाटतं. हा गृहस्थ दोनदा नापास झाला आणि तिसरा प्रयत्न एकाहत्तरीत केला. उद्या मेसमध्ये आमटी गार मिळाली, तर मी कुरकुर करणारच. पण आर्तुझीही आठवतील.