शिरढोणचा कारकून

पाऊस उघडलेल्या सकाळी नवीन पनवेलच्या आमच्या गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका स्वच्छ दिसतो, आकाशात अंगठा उभा धरल्यासारखा. परवा नातवाला तो दाखवताना सहज वासुदेव बळवंतांचा विषय निघाला. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या त्या पोराने विचारले, की हे फडके म्हणजे आपल्या नाट्यगृहवालेच का? हसू आले, पण वाईटही वाटले. रुळांपलीकडे जुन्या पनवेलात त्यांच्या नावाच्या नाट्यगृहात आम्ही इतकी नाटके पाहिली, पण त्या नावामागचा माणूस घरात कधी सांगितलाच नव्हता. चूक माझीच.

म्हणून त्या रविवारी त्याला घेऊन शिरढोणला गेलो. पळस्पे फाटा ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच अंतरावर हे गाव. इथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव जन्मले. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये तो किल्ला इंग्रजांकडे गेला. म्हणजे पोराने आजोबांच्या तोंडून गोष्टी ऐकायच्या, त्या गेलेल्या किल्ल्याच्या. आणि मान वर केली की तोच किल्ला समोर.

पण पुढे शिकले ते इंग्रजी. आधी कल्याणला, मग मुंबई-पुण्यात. चार ठिकाणी नोकऱ्या करून पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून झाले. सरकारी टेबल आणि महिन्याचा पगार. मीही आयुष्यभर कारकुनीच केली, त्यामुळे त्यांचा हा भाग मला सर्वांत जवळचा वाटतो. चरित्र सांगताना आपण तलवारीकडे धाव घेतो आणि टेबलापाशी गेलेली पंधरा वर्षे एका वाक्यात उरकतो.

त्याच टेबलापाशी घाव बसला. आई आजारी असल्याचे कळले, रजा मागितली, वेळेवर मिळाली नाही. न सांगता निघून घरी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी श्राद्धालाही रजा नाकारली गेली. आपल्या घरचे मरण दुसऱ्याच्या वहीत रजेचा अर्ज होऊन पडते, हे त्यांना तिथे उमगले असावे.

त्यानंतर न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्याने कानी पडली. देशाचा पैसा बाहेर कसा वाहतो, हे रानडे आकड्यांनी मांडत आणि आकडे तर या कारकुनाच्या हातचा मळ! गंमत पाहा, राज्यकर्त्यांच्याच विद्येने शिकवलेला हिशेब राज्यकर्त्यांच्या विरुद्ध उभा राहत होता. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी स्वतः खादी नेसून स्वदेशीचा आग्रह धरीत. वासुदेवांनीही स्वदेशीचे व्रत घेतले. सुटीच्या दिवशी थाळी वाजवून स्वतःच्याच व्याख्यानाची दवंडी देत ते पुण्यात फिरत, असे सांगतात. पण त्यांनी इंग्रजीशी वैर धरले नाही. वामनराव भावे आणि लक्ष्मणराव इंदापूरकर यांच्या जोडीने त्यांनी पुण्यात एतद्देशीयांची शाळा उभी केली. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचे मूळ ते हेच. विद्या घ्यावी, पण शाळा आपली असावी, एवढाच त्यांचा हट्ट. घरी दत्ताची भक्ती, आणि शस्त्र शिकायला लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम.

१८७६-७७ चा दुष्काळ त्यांनी गावोगाव फिरून पाहिला आणि नंतर शब्दांवरचा विश्वास उडाला. पांढरपेशे कानावर हात ठेवून बसले. साथ दिली ती रामोश्यांनी. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा पडला. मे महिन्यात दौलतराव नाइकांनी तर आपल्याच पळस्प्यावर छापा घातला. हो, जिथे आज आपण वडापावसाठी थांबतो, तिथेच. परतताना दौलतराव इंग्रजांच्या हल्ल्यात पडले आणि बंडाचा कणा मोडला. सोबत्यांचे लक्ष लुटीकडे अधिक, हे वासुदेवांना आधीच जाणवून ते खिन्न झाले होते. श्रीशैल मल्लिकार्जुनाला जाऊन देह ठेवावा, असेही त्यांनी मनाशी घेतले होते. पुन्हा उठले, रोहिल्यांची जमवाजमव करू लागले. अखेर २० जुलै १८७९ रोजी विजापूरकडच्या देवर नावदगी गावी तापाने फणफणलेले आणि झोपेत असताना सापडले.

पुण्याच्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते सार्वजनिक काकाच. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची, आणि रवानगी थेट एडनला. तिथे एकदा कोठडीचे दारच बिजागरीतून उखडून ते पळाले, पण ओळखीचे एक झाड, एक वाट नसलेल्या त्या मुलखात काही वेळातच पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. वय अवघे सदतीस.

शिरढोणच्या त्या घरातून बाहेर पडल्यावर नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, त्यांना एडनहून कर्नाळा दिसत असेल का? मी नाही म्हणालो. त्यावर तो मागे वळून सुळक्याकडे पाहत राहिला, आणि गाडी पळस्पे फाट्याला येईपर्यंत त्याची मान वळलेलीच होती.