कोमेनियस आणि त्यांचें चित्रांचें पुस्तक

बालवर्गांतील मुलांच्या हातीं चित्रांचें पुस्तक दिलें कीं तीं आपण होऊन बोलूं लागतात. परकी भाषा शिकण्याची ही सोय कोणाच्या श्रमांनीं सुलभ झाली, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें.

योहान आमोस कोमेनियस यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजीं मोराव्हियांत, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकांत, झाला. आईबाप लहानपणींच वारले, आणि लॅटिन शाळा पाहावयास सोळावें वर्ष उजाडलें. त्या काळीं लॅटिन शिकणें म्हणजे अर्थ न कळतां नियम घोकणें व छड्या खाणें! पुढें ते बोहेमियन बंधुमंडळीचे पाळक व शिक्षक झाले. १६२० सालीं प्रागजवळ प्रॉटेस्टंट पक्षाचा मोड झाला. ते राहात होते तें फुल्नेक गांव लुटलें गेलें. १६२२ मध्यें सांथीनें पत्नी व दोन्ही मुलें नेलीं. १६२८ मध्यें त्यांनीं देश सोडला व पोलंडांतील लेश्नो येथें आश्रय घेतला.

१६३१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या लॅटिनच्या पाठ्यपुस्तकानें त्यांचें नांव युरोपभर झालें. परंतु १६५० नंतर हंगेरींतील शारोश्पाटक येथें शिकवितांना त्यांस दिसून आलें कीं लहान मुलांस तें पुस्तक झेपत नाहीं. शब्द कानीं पडतो, पण वस्तु डोळ्यांपुढें नसते. मग तो मनांत राहावा कसा? म्हणून त्यांनीं सुमारें दीडशें पाठांचें नवें पुस्तक रचिलें. प्रत्येक पाठास एक चित्र. चित्रांतील वस्तूंस आंकडे, व तेच आंकडे खालीं त्या त्या शब्दांस. रोटीवाला, शिंपी, न्हावी, मधमाशा, शाळा, सारें जग त्यांत आलें. मुळाक्षरांसही आवाज दिले: पहिल्या अक्षरास कावळ्याचा, दुसऱ्यास कोंकराचा. शाळेंत घालण्यापूर्वींच हें पुस्तक मुलांच्या हातीं खेळावयास द्यावें, त्यांस चित्रें काढूं द्यावीं, आणि खरी वस्तु दाखवितां येईल तेथें ती दाखवावी, असें त्यांचें सांगणें होतें. पानें मळतील म्हणून पुस्तक कपाटांत ठेवणाऱ्या पालकांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

चित्रें कोरणारा चांगला कारागीर तेथें मिळेना, छपाई लांबली. इतक्यांत १६५६ मध्यें लेश्नो जळलें, आणि चेक भाषेच्या कोशाचे कित्येक दशकांचे श्रम आगींत गेले. अखेर १६५८ मध्यें न्यूरेंबर्ग येथें हें 'चित्रमय जग' लॅटिन व जर्मन भाषांत निघालें. तेव्हां सहासष्ट वर्षांचे कोमेनियस अॅम्स्टरडॅममध्यें परक्याच्या आश्रयास होते. दुसऱ्याच वर्षीं चार्ल्स हूल या शिक्षकानें लंडनमध्यें इंग्रजी आवृत्ति काढिली. शंभर वर्षांनंतर जर्मनींत बाल गटे याच्याही हातीं तें पुस्तक होतें.

१५ नोव्हेंबर १६७० रोजीं त्यांचें निधन झालें. मायदेशीं पुन्हां राहण्याचा योग त्यांस आला नाहीं. त्यांची कबर हॉलंडांतील नार्डेन गांवीं आहे.