वाल्डेमार हाफकिन

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एका भयंकर रोगाने शिरकाव केला. रोग्याला एकाएकी कडक ताप भरे, काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत तो मृत्युमुखी पडे. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग प्लेग असल्याचे ओळखले. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. लिहिताना त्याचा ग्रंथिक सन्निपात असाही उल्लेख होई. पाहता पाहता ते गजबजलेले शहर ओस पडू लागले. बाजार थंडावले, गिरण्यांना कामगार मिळेनासे झाले आणि लक्षावधी लोक मिळेल त्या वाहनाने गावाकडे पळू लागले. रोगही त्यांच्याबरोबर गावोगाव गेला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने ग्रासले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

प्लेगचे जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे सापडले होते; परंतु ते उंदरांच्या अंगावरील पिसवांमधून माणसाच्या शरीरात शिरतात, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. रोगावर रामबाण औषधही नव्हते. अशा वेळी सरकारने कलकत्त्याहून एका शास्त्रज्ञाला मुंबईस पाचारण केले. त्यांचे नाव वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेन देशात आहे. त्या काळी ते रशियन साम्राज्यात मोडत असे. ओडेसाच्या विद्यापीठात हाफकिन यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तेथे त्यांना इल्या मेचनिकॉफ यांच्यासारखे थोर गुरू लाभले. परंतु तो काळ ज्यू लोकांना मोठा कठीण होता. त्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत, घरेदारे लुटली जात. आपल्या बांधवांच्या रक्षणासाठी तरुण हाफकिन पुढे सरसावले. त्या झटापटीत ते जखमी झाले आणि वर त्यांनाच अटक झाली. मेचनिकॉफ यांनी रदबदली केली, तेव्हा कोठे त्यांची सुटका झाली.

पुढे शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांच्यापुढे आणखी एक पेच उभा राहिला. विद्यापीठात अध्यापकाची जागा हवी असेल, तर त्यांनी आपला धर्म सोडून रशियाचा राजधर्म स्वीकारावा, अशी अट होती. हाफकिन यांनी ती अट मानली नाही. मानाच्या जागेवर पाणी सोडून ते १८८८ मध्ये मायदेशाबाहेर पडले. काही काळ जिनिव्हा येथे काम करून पुढच्या वर्षी ते पॅरिसला आले. लुई पाश्चर यांच्या जगप्रसिद्ध संस्थेत तेव्हा मेचनिकॉफ काम करीत होते. तेथे एकच जागा रिकामी होती आणि तीही साहाय्यक ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली. नेमून दिलेले काम आटोपले, की उरलेला सर्व वेळ ते प्रयोगशाळेत घालवू लागले.

त्या वेळी पटकीच्या साथी देशोदेशी धुमाकूळ घालीत होत्या. पटकीचे जंतू रॉबर्ट कॉक यांनी ओळखले होते. परंतु माणसाला पटकीपासून वाचवील अशी भरवशाची लस कोणाला साधली नव्हती. रोगाचे दुर्बळ केलेले किंवा मारलेले जंतू अल्प प्रमाणात टोचले, तर शरीर त्यांच्याशी झगडावयास शिकते आणि पुढे खरा रोग आला तरी त्याला तोंड देऊ शकते, हे लस टोचण्यामागील तत्त्व होय. या तत्त्वानुसार हाफकिन यांनी पटकीची लस तयार केली आणि ती प्रथम प्राण्यांना टोचून पाहिली. प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाले. आता प्रश्न माणसाचा होता. ही लस माणसाला अपायकारक ठरली तर? हा धोका दुसऱ्या कोणावर लादणे हाफकिन यांना मान्य नव्हते. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःच टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. परंतु काही दिवसांत ते पूर्ववत हिंडूफिरू लागले. त्यानंतरच त्यांच्या मित्रांनी ती टोचून घेतली.

तथापि युरोपातील सरकारांनी या लशीचे फारसे स्वागत केले नाही. हाफकिन हे वैद्यकाचे पदवीधर नव्हते, ही गोष्टही पुष्कळांना खटकत असे. पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन यांना हिंदुस्थानात येण्याची संधी मिळाली आणि मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास दाखल झाले.

येथे रोगाइतकाच प्रबळ असा दुसरा शत्रू त्यांच्यापुढे उभा होता. तो म्हणजे लोकांच्या मनातील भीती. परका माणूस सुई टोचून अंगात काय घालतो, या शंकेने लोक त्याला जवळ येऊ देत नसत. हाफकिन यांनी कोणावर सक्ती केली नाही. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या बंगाली डॉक्टरांनी वस्त्यांतून फिरून लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितले. लोकांच्या डोळ्यांदेखत प्रथम स्वतःला टोचून घ्यावे आणि मग इतरांना टोचावे, असा प्रघात त्यांनी ठेवला. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीतील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे त्या वस्तीत पटकी उद्भवली, तेव्हा ती लस न घेतलेल्यांनाच झाली. हे पाहून लोकांचा विश्वास वाढला. चहाच्या मळ्यांतील मजूर, पलटणींतील शिपाई, तुरुंगांतील कैदी अशा बेचाळीस हजारांहून अधिक लोकांना हाफकिन आणि त्यांचे सहकारी यांनी दोन-अडीच वर्षांत लस टोचली. या दगदगीत हाफकिन यांना हिवतापाने गाठले व विश्रांतीसाठी इंग्लंडला जावे लागले. परंतु प्रकृती सुधारताच १८९६ मध्ये ते पुन्हा परत आले. त्याच वर्षी मुंबईत प्लेग उद्भवला आणि त्यांना तातडीने तिकडे जावे लागले.

ऑक्टोबर १८९६ मध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांना कामासाठी एक खोली आणि तिच्यापुढील ओसरी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या तुटपुंज्या साधनांनिशी त्यांनी त्या महामारीशी सामना आरंभिला. प्लेगचे जंतू भरपूर वाढविण्यासाठी पोषक द्रव हवा होता. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत, म्हणून त्यांनी तो बोकडाच्या मांसापासून तयार केला आणि त्याच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना चिकटून जंतूंची वाढ होई आणि वडाच्या पारंब्यांप्रमाणे तिचे धागे खाली लोंबू लागत. चंबू हलवला, की ते धागे तुटून तळाशी बसत आणि वर नवे धागे धरू लागत. असे काही आठवडे चालले, की भरपूर जंतू जमा होत. मग तो द्रव तापवून त्यांतील जंतू मारले जात आणि लस तयार होई. हे काम अतिशय जोखमीचे होते. चंबूतील जिवंत जंतूंचा एक थेंबही प्राणघातक ठरू शकला असता. या ताणाने एका साहाय्यकाची प्रकृती ढासळली व दोघे काम सोडून गेले. परंतु हाफकिन मागे हटले नाहीत.

अवघ्या तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आपल्या शरीरात टोचून घेतली आणि तीही, पुढे लोकांना जी मात्रा देण्यात येई, तिच्यापेक्षा कितीतरी मोठी. त्यांना सडकून ताप भरला आणि टोचलेली जागा ठणकू लागली. पण ते त्यातून सुखरूप बाहेर पडले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जवळजवळ निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. सर्वांचे अन्न एक, पाणी एक आणि राहण्याची जागाही एक. त्यानंतर लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यांतील ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी फक्त दोघांना रोग झाला आणि दोघेही बरे झाले. लस घेतली म्हणजे प्लेग मुळीच होत नाही, असे नव्हते; परंतु रोगाचा आणि मृत्यूचा धोका पुष्कळ कमी होतो, हे या आकड्यांनी दाखवून दिले.

आता लशीची मागणी झपाट्याने वाढली. आगाखान यांनी प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला आणि खोजा समाजातील हजारो लोकांनी लस टोचून घेतली. पुढे १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळ येथील गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानात ही प्रयोगशाळा थाटण्यात आली. तेथून हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांत लशीच्या कुप्या जाऊ लागल्या.

हाफकिन यांची कीर्ती अशी शिखरास पोहोचली असताना त्यांच्यावर मोठा आघात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. या सर्वांना एकाच कुपीतील लस टोचलेली होती. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. ते कुपीत कसे गेले? चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. ज्याने स्वतःच्या देहावर प्रयोग करून सहस्रावधींचे प्राण वाचविले, त्या हाफकिन यांच्यावर निष्काळजीपणाचा ठपका आला. त्यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये खिन्न मनाने त्यांनी हिंदुस्थान सोडला.

परंतु ते गप्प बसले नाहीत. सर्व पुरावा त्यांनी पुन्हा बारकाईने तपासला. त्या दिवशी गावात कुपी उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत धरून नीट निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. शिवाय, धनुर्वाताचे जंतू कुपीत आधीपासून वाढत असते, तर लशीला दुर्गंधी आली असती. पण कुपी उघडताना तशी दुर्गंधी आली नव्हती. याचा अर्थ उघड होता. दोष प्रयोगशाळेतील लशीचा नसून गावात घडलेल्या हलगर्जीचा असावा. हिवतापाच्या प्रसाराचे गूढ उकलणारे रोनाल्ड रॉस आणि इतर अनेक नामांकित शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये त्यांनी लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रातून या अन्यायाला वाचा फोडली. अखेर त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांच्यावरील ठपका दूर केला. सत्य उजेडात आले, पण त्यासाठी पाच वर्षे जावी लागली.

त्यानंतर हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले. मात्र परळच्या प्रयोगशाळेत त्यांना त्यांची जागा परत मिळाली नाही. त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली आणि माणसांवर लशींचे नवे प्रयोग करण्याची मुभाही त्यांना राहिली नाही. पूर्वीचे दिवस पुन्हा आले नाहीत; तरी मनात कटुता न धरता त्यांनी आपली नोकरी पूर्ण केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात निवृत्त होऊन ते युरोपला परतले. ते आजन्म अविवाहित राहिले. आयुष्याची सारी पुंजी त्यांनी ज्यू मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या शाळांसाठी देऊन टाकली.

मुंबई मात्र त्यांना विसरली नाही. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. तोवर तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९३० रोजी, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हाफकिन यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

पुढे प्लेगवर प्रभावी औषधे निघाली, उंदीर आणि पिसवा यांचा बंदोबस्त होऊ लागला आणि त्या रोगाची दहशत ओसरली. परळची संस्था मात्र आजही हाफकिन यांच्या नावाने उभी आहे. तिच्या दारावरून दररोज हजारो लोक ये-जा करतात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या पणजोबा-पणजीने कधीतरी भीत भीत आपला दंड पुढे केला असेल. ज्यांचा जीव वाचला, त्यांना तो कोणामुळे वाचला हे बहुधा कळलेही नसेल. परंतु लोकांच्या दंडाला सुई लावण्यापूर्वी ती स्वतःच्या शरीरात टोचून घेणारा हा शास्त्रज्ञ त्यांच्या आणि मृत्यूच्या मध्ये उभा राहिला होता.